मुठीचे बळ कोठे असते?

पुण्याहून नगर रस्त्याने निघालात की कोरेगाव भीमा येथे वढू बुद्रुककडे जाणारा फाटा लागतो. छत्रपती संभाजीमहाराजांच्या समाधीचे हे गाव तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत आहेच. आज मात्र आपण इतिहासासाठी तिकडे जायचे नाही. उसाच्या हंगामात या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात एखाद्या फडाच्या बांधावर उभे राहा आणि ऊस तोडणाऱ्यांच्या हातांकडे नीट पाहा. डाव्या मुठीत ऊस, उजव्या मुठीत कोयता. बुंध्यावर घाव बसतो, पाचट निघते, वाढे छाटले जाते, ऊस मोळीत पडतो. लगेच पुढचा ऊस. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत ती मूठ किती वेळा आवळली जात असेल, याची मोजदाद कोणी केलेली नसते.

आता एका प्रश्नाचे उत्तर द्या. कोयता घट्ट धरून ठेवणारे हे बळ कोठे असते? ‘बोटांत’ असे तुम्ही म्हणणार. चूक! बोटाच्या आत बोट वाकवणारा एकही स्नायू नसतो. तेथे हाडे असतात, सांधे असतात, चिवट दोरांसारख्या कंडरा असतात, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. स्नायू मात्र नसतो. मग बोट वाकते कसे?

मी भौतिकशास्त्र शिकवतो. शरीरशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण तरफ, कप्पी, दोरीतील ताण आणि बलांचा समतोल हे सारे धडे आपल्या हातात कातडीखाली एकत्र नांदत आहेत. ते उघडून वाचण्यासारखे आहेत. शिवाय ते वाचून ठेवल्याने एखाद्याचा हात वाचू शकतो. तो कसा, हे शेवटी येईलच.

आधी स्वतःचा हात पाहू

डावा हात तळवा वर करून टेबलावर ठेवा. कोपराच्या खाली चार बोटे अंतरावर, करंगळीच्या बाजूच्या मांसल भागावर उजव्या हाताची बोटे हलकेच टेकवा. आता डाव्या हाताची बोटे एकेक करून वाकवा. बोटांखाली काहीतरी वळवळल्यासारखे लागेल. आता मूठ जोराने आवळा. तो सारा भाग टणक होईल. याच वेळी बोटे चाचपून पाहा. तेथे मात्र काहीही फुगलेले आढळणार नाही.

कोपर ते मनगट या भागाला अग्रबाहू म्हणतात. त्याच्या पुढच्या, म्हणजे तळव्याच्या बाजूला एकूण आठ स्नायू तीन थरांत रचलेले आहेत. त्यांपैकी दोन हात पालथा करतात, तीन मनगट वाकवतात आणि उरलेले तीन बोटे व अंगठा वाकवतात. वरच्या दोन थरांतील पाच स्नायूंचा उगम कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तेथे होतो. सर्वांत खालच्या थरातील स्नायू अग्रबाहूच्या हाडांवरूनच निघतात. कोपराकडे जाड असलेला हा भाग मनगटाकडे निमुळता होतो, कारण तिकडे स्नायू संपून त्यांच्या कंडरा सुरू होतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा पांढरा, चिवट दोर. तो स्वतः आकुंचन पावत नाही. स्नायूने ओढले की ती ओढ पुढे पोचवणे, एवढेच त्याचे काम.

बैल विहिरीत उतरत नाहीत

ही रचना समजायला मोटेची आठवण उपयोगी पडेल. डिझेल इंजिने आणि विजेचे पंप आल्यावर मोटा गेल्या. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती चालताना पाहिली नसेल. आजोबांना विचारा. पाणी विहिरीत खोल असे, पण बैल विहिरीत उतरत नसत. ते बाहेर धावेवर, म्हणजे उतरत्या वाटेवर चालत. त्यांच्या जुवापासून निघालेला जाड नाडा चाकावरून वळून विहिरीत जाई आणि मोटेला वर खेची. नाड्याखेरीज एक बारीक दोर, सोंदूर, मोटेच्या सोंडेला बांधलेला असे. तो खालच्या रुळावरून जाई.

बळ लावणारा एकीकडे, काम दुसरीकडे आणि मध्ये दोर, ही युक्ती आपल्या हातात आहे. बैल म्हणजे अग्रबाहूतील स्नायू, दोर म्हणजे कंडरा आणि मोट म्हणजे बोटाचे पेर.

पण स्नायू बोटातच ठेवले असते तर काय बिघडले असते? बोटे जाडजूड झाली असती. त्यांना सुई धरता आली नसती, की गाईची धार काढताना अंगठ्याजवळून करंगळीकडे एकामागून एक मिटता आले नसते. शिवाय हाताच्या टोकाशी वजन वाढले असते. लांब काठीच्या टोकाला दगड बांधून ती फिरवा, मग तोच दगड मुठीजवळ बांधून फिरवा. दुसऱ्या वेळी काठी किती सहज फिरते! वजन आसाजवळ असले की जडत्वाचे आघूर्ण कमी होते. अवजड स्नायू कोपराजवळ आणि हलके दोर टोकाकडे असल्यामुळे हात झटकन हलतो आणि झटकन थांबतो.

एका बोटाला दोन दोर

मोटेला नाडा आणि सोंदूर असे दोन दोर असत. अंगठा सोडला तर आपल्या प्रत्येक बोटाला वाकवणारे दोरही दोनच आहेत. फरक इतकाच, की मोटेचे दोन्ही दोर एकच बैलजोडी ओढी. येथे प्रत्येक दोराचा स्नायू वेगळा आहे.

एक स्नायू मधल्या थरातला. त्याच्या चार कंडरा चार बोटांच्या मधल्या पेरांना जोडलेल्या असतात. दुसरा स्नायू खालच्या थरातला. त्याच्याही चार कंडरा, पण त्या थेट शेवटच्या पेरांपर्यंत जातात. आपण त्यांना ‘वरचा दोर’ आणि ‘खोल दोर’ म्हणू. खोल दोर खालून येतो आणि त्याला जायचे असते वरच्या दोराच्याही पुढे. मग वाट कशी मिळते? बोटाच्या मुळाशी वरचा दोर दुभंगतो, मध्ये फट पडते आणि त्या फटीतून खोल दोर पुढे निघून जातो. अंगठ्याला एकच लांब दोर असतो. त्याचा स्नायू स्वतंत्र आहे.

हे दोन दोर वेगळे असल्याचा पुरावा तुमच्या हातातच आहे. तळवा वर करून हात टेबलावर ठेवा. मधले बोट मोकळे सोडून बाकीची तीन बोटे मित्राला सरळ दाबून धरायला सांगा. आता मधले बोट वाकवा. ते मधल्या सांध्यात वाकेल, पण त्याचे टोक लुळे पडलेले असेल. मित्राने टिचकी मारली तर लोंबत्या फळासारखे हलेल. कितीही जोर केलात तरी ते टोक ताठ होणार नाही.

याचे कारण असे. मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या खोल दोरांचा स्नायू बराचसा सामाईक असतो. शेजारची बोटे सरळ दाबून धरली की तो सामाईक बैल अडून राहतो आणि मधल्या बोटाच्या टोकालाही ओढू शकत नाही. वरच्या दोराचे बैल मात्र बोटागणिक बरेच स्वतंत्र असतात. त्यामुळे मधला सांधा तेवढा वाकतो.

आता उलट करा. एका बोटाचे मधले पेर चिमटीत पक्के धरा आणि फक्त टोक वाकवा. हे काम एकट्या खोल दोराचे. हा प्रयोग लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

तरफेचा हिशेब

आता थोडे गणित करू. हात तळवा वर करून आडवा धरा आणि बोट सरळ ठेवून त्याच्या टोकावर एक किलोग्रॅमची पिशवी अडकवा. बोटाच्या मुळाचा सांधा हा टेकू. तेथून टोकापर्यंतचे अंतर मोठ्या माणसात ढोबळमानाने ९ सेंटिमीटर, ही भारभुजा. वाकवणारा दोर या सांध्याच्या मध्यापासून साधारण १ सेंटिमीटरवरून जातो, ही बलभुजा.

बल × बलभुजा = भार × भारभुजा
बल × १ = १ × ९

म्हणजे एक किलोग्रॅमचा भार तोलायला दोरांना नऊ किलोग्रॅम-भाराइतका ताण द्यावा लागतो. हा तोट्याचा सौदा वाटतो, नाही का? तिसऱ्या प्रकारच्या तरफेत तो असतोच. मग निसर्गाने काय मिळवले?

बोट मुळाच्या सांध्यात काटकोनात वाकवा. काटकोन म्हणजे १.५७ रेडियन. कंसाची लांबी = त्रिज्या × रेडियनमधील कोन, हे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे. दोराची त्रिज्या १ सेंटिमीटर, म्हणून दोर फक्त १.५७ सेंटिमीटर सरकतो. बोटाच्या टोकाची त्रिज्या ९ सेंटिमीटर, म्हणून टोक सुमारे १४ सेंटिमीटर फिरते. स्नायू दीड सेंटिमीटर आखडला की बोटाचे टोक त्याच्या नऊपट अंतर, तेवढ्याच वेळात, कापते. बल नऊपट दिले, अंतर आणि वेग नऊपट मिळाले. कामाचा गुणाकार करून पाहा: ९ × १.५७ आणि १ × १४.१. दोन्हीकडे तेच उत्तर. ऊर्जा फुकट मिळत नाही, हा नियम आपल्या बोटालाही चुकलेला नाही.

स्नायूला भरपूर ताण देता येतो, पण फार लांब आखडता येत नाही. म्हणून त्याला हाच सौदा परवडतो.

दोर हाडाला धरून ठेवणाऱ्या कड्या

येथे एक शंका तुमच्या मनात यायला हवी. बोट वाकले की दोर हाडापासून सुटून धनुष्याच्या दोरीसारखा बाहेर का येत नाही?

बोटाच्या आतल्या बाजूने हाडाला चिकटलेला एक बोगदा असतो आणि त्यातून दोर धावतात. या बोगद्याला ठिकठिकाणी पाच भक्कम कड्या आहेत आणि त्यांच्या मध्ये काही बारीक तिरप्या पट्ट्या. आत निसरडा द्रव असल्याने दोर सहज सरकतात. गळाच्या काठीवर दोरा ओवून घेण्यासाठी कड्या बसवलेल्या असतात, तशाच या. पाचांपैकी दुसरी आणि चौथी कडी सर्वांत महत्त्वाची. त्या तुटल्या तर दोर हाडापासून दूर जातो.

दूर गेला तर बलभुजा वाढेल, मग फायदाच नाही का? हिशेब करा. बलभुजा १ ऐवजी २ सेंटिमीटर झाली, तर काटकोनासाठी दोर ३.१४ सेंटिमीटर सरकायला हवा. स्नायूला तेवढे आखडता आले नाही तर बोट अर्ध्यावरच थांबेल आणि मूठ पूर्ण मिटणार नाही.

वर्गात याची प्रतिकृती करता येते. पुठ्ठ्याची एक पट्टी घेऊन तिला तीन ठिकाणी घड्या पाडा. घड्यांमधल्या प्रत्येक भागावर सरबताच्या नळीचे दोन-दोन छोटे तुकडे चिकटवा. त्यांतून दोरा ओवून टोकाला बांधा आणि दुसरे टोक ओढा. पट्टी बोटासारखी वाकेल. आता मधले एक-दोन तुकडे काढून टाका आणि पुन्हा ओढा. दोरा पट्टीपासून दूर उठलेला दिसेल. आधी किती दोरा ओढावा लागत होता आणि आता किती लागतो, हे पट्टीने मोजा. शिक्षकांनी हे मोजमाप मुलांकडून अवश्य करून घ्यावे.

मनगट वाकले की मूठ ढिली

पेन्सिल मुठीत घट्ट धरा. मित्राला तुमचे मनगट हळूहळू आतल्या बाजूला, पूर्ण वाकवायला सांगा. मूठ आपोआप सैल होईल आणि तो पेन्सिल सहज काढून घेईल.

असे का होते? बोटांचे दोर मनगटावरूनच जातात. मनगट आत वाकले की त्यांची वाट आखूड होते आणि ते ढिले पडतात. ढिलाई काढण्यातच स्नायूची आखडण्याची मर्यादा संपते. धावेच्या तळाशी पोचलेल्या बैलाने आणखी किती ओढायचे? उलट मनगट किंचित मागे झुकलेले असले की दोर ताणलेले राहतात आणि मूठ घट्ट बसते. म्हणून कोयता धरताना किंवा कपडे पिळताना अग्रबाहूच्या मागच्या बाजूचे, मनगट मागे धरून ठेवणारे स्नायूही सतत राबत असतात. कपडे पिळून झाल्यावर दुखते ते अनेकदा कोपराच्या बाहेरच्या बाजूला, ते यामुळेच.

मनगटाशी आणखी एक गंमत पाहा. अंगठ्याचे आणि करंगळीचे टोक जुळवून मनगट थोडे आत वाकवा. बहुतेकांना मनगटाच्या मध्यावर एक दोरी उठून दिसेल. ही मनगट वाकवणाऱ्या एका लहानशा स्नायूची कंडरा. वर्गातल्या काही जणांना ती दिसणार नाही, कारण काही माणसांत हा स्नायू जन्मतःच नसतो. त्याने मुठीच्या बळात फारसा फरक पडत नाही. म्हणूनच शल्यविशारद ही कंडरा ‘शिलकीतला दोर’ समजतात आणि दुसरीकडे दोर कमी पडला तर ती काढून तेथे जोडतात.

या दोरीच्या खालून मनगटाचा बोगदा जातो. तळाला आणि बाजूंना मनगटाची लहान हाडे, वर एक भक्कम पट्टा. त्या चिंचोळ्या वाटेने बोटांचे आठ, अंगठ्याचा एक असे नऊ दोर आणि त्यांच्याबरोबर एक मोठा मज्जातंतू जातो. आत सूज आली तर मज्जातंतू दाबला जातो आणि अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना मुंग्या येतात, विशेषतः रात्री.

दोर तुटला तर

आता पुन्हा फडाकडे जाऊ. कोयता निसटतो आणि ऊस धरलेल्या डाव्या हाताच्या बोटाला आतल्या बाजूने लागतो. घरात हेच विळीने होते, फुटलेल्या काचेने होते. जखम दिसायला लहान असते. हळद दाबतात, चिंधी बांधतात आणि काम पुढे चालू होते. दहा दिवसांत कातडी जुळते. पण बोट काही वाकत नाही.

तोपर्यंत आत काय झालेले असते? दोर तुटला की स्नायू त्याचे आपल्याकडचे टोक खेचून घेतो. ते टोक तळव्यात, कधी त्याहूनही मागे निघून जाते. दोन टोकांत अंतर पडल्यावर ती आपोआप कशी जुळणार? दिवस जातात तसा स्नायू आखूड होतो, रिकामा बोगदा बुजू लागतो. मग साधी शिवण पुरत नाही. मघाच्या त्या शिलकी दोराचा तुकडा जोडण्याची पाळी येते.

तळव्याच्या वरच्या घडीपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या भागात दोन्ही दोर एकाच बोगद्यात दाटीने असतात. तेथे शिवले की दोर आजूबाजूला चिकटतात आणि बोट ताठरते, म्हणून अमेरिकी शल्यविशारद स्टर्लिंग बनेल यांनी त्या भागाला दोन सैन्यांमधल्या ओसाड पट्टीचे नाव दिले होते: ‘नो मॅन्स लँड’. तेथे लगेच शिवू नये असाच दंडक होता. १९६०च्या दशकात स्वित्झर्लंडचे क्लोद वेर्दां आणि अमेरिकेचे हॅरॉल्ड क्लाइनर्ट यांनी नाजूक शिवण व नंतर काळजीपूर्वक हालचाल यांच्या बळावर तेथेही दोर जुळतो हे दाखवले. आज हे काम आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही होते. मात्र ते वेळेवर व्हायला हवे, आणि शिवल्यानंतर काही आठवडे सांगितलेले व्यायाम नेटाने करायला हवेत.

दोर तुटला आहे हे ओळखायला यंत्र लागत नाही. हात तळवा वर करून सैल सोडला की बोटे थोडी वाकलेली राहतात. तर्जनी कमी, करंगळी जास्त, अशी ओळीने. विश्रांतीतही स्नायूंचा हलका ताण दोरांवर असतो म्हणून असे होते. त्या ओळीतून एखादे बोट सरळ, वेगळे पडलेले दिसले तर त्याचे दोर तुटले असावेत. टोक वाकत नसेल तर खोल दोर गेला. बोटाचे टोक बधिर असेल तर मज्जातंतूही कापला गेला असण्याची शक्यता आहे.

बैल गुदमरला तर

दुसरा प्रसंग याहून चोरटा आहे. मूल झाडावरून पडते आणि कोपराशी हाड मोडते. कोणीतरी बांबूच्या कामट्या लावून हात करकचून बांधून देतो. ‘घट्ट बांधले तर लवकर जुळेल’ असा समज असतो. आत सूज वाढत जाते. बाहेरून पट्टी हलत नाही. दाब वाढतो आणि स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. सर्वांत आधी गुदमरतात ते अग्रबाहूतील सर्वांत खोल थरातले स्नायू, म्हणजे बोटे वाकवणारे. काही तासांत, सहा-आठ तासांच्या सुमारास, ते कायमचे मरू लागतात. मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार होतो, तो आकसतो आणि बोटे आत ओढली जाऊन तशीच राहतात. १८८१ मध्ये जर्मन शल्यविशारद रिखार्ड फोन फोल्कमान यांनी याचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने ही विकृती ओळखली जाते.

अशा हाताचे मनगट आत वाकवले की बोटे सरळ करता येतात आणि मनगट उचलले की पुन्हा मिटतात. पेन्सिलीच्या प्रयोगातला नियम तो हाच! दोर आखूड झाला आहे. मनगट वाकवून वाट आखूड केली की तो पुरतो.

या संकटाची पूर्वसूचना मिळते. बांधल्यावर दुखणे कमी होण्याऐवजी वाढत जाते आणि बोट कोणी सरळ करू गेले तर मूल किंचाळते. बोटांना मुंग्या येतात, ती बधिर, फिकी किंवा गार पडतात. मनगटाची नाडी लागते आहे म्हणून निर्धास्त राहू नये. नाडी असतानाही आतले स्नायू मरत असू शकतात. पट्ट्या कातडीपर्यंत सोडाव्यात आणि तडक रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये.

बैल दुसऱ्या दोराला

दोर तुटू शकतो, बैल मरू शकतो. आता तिसरी गोष्ट ऐका. ती आशेची आहे.

१९४७ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील एक तरुण शल्यविशारद, डॉ. पॉल ब्रँड, मद्रासजवळ चिंगलपुट येथील कुष्ठरुग्णालय पाहायला गेले. तामिळनाडूच्या कोल्ली टेकड्यांत जन्मलेले हे इंग्रज गृहस्थ. तेथे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांच्याबरोबर फिरताना त्यांनी पंज्यासारखी बोटे वाकडी झालेल्या एका रुग्णाच्या हातात आपला हात दिला आणि ‘दाबा’ म्हणाले. लुळा स्पर्श होईल अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात हात असा आवळला गेला की त्यांना कळ लागली. त्या क्षणी त्यांच्या ध्यानात आले, की हा हात मेलेला नाही. याच्या अग्रबाहूत धडधाकट स्नायू आहेत.

कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवर हल्ला करतात, पण सगळ्या ठिकाणी सारखा नाही. हातात तो विशेषतः कोपराजवळ आणि मनगटाजवळ होतो. त्यामुळे तळव्यातले लहान स्नायू पांगळे होतात. बोटे मुळाच्या सांध्यात वाकवून पुढे सरळ ठेवणे हे या लहान स्नायूंचे काम. ते गेले की बलांचा समतोल मोडतो. मागचे दोर मुळाचा सांधा मागे ओढतात, पुढचे लांब दोर टोके आत ओढतात आणि पंजा तयार होतो. मात्र वरच्या दोराच्या स्नायूला जाणाऱ्या मज्जातंतूच्या फांद्या कोपरापाशीच फुटतात. म्हणून तो स्नायू वाचतो.

पुढच्याच काळात ब्रँड यांनी अशा हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. युक्ती काय, ते आता तुम्हीच सांगू शकाल. प्रत्येक बोटाला दोन दोर असतात. त्यांतला एक, समजा अनामिकेचा वरचा दोर, सोडवून घेतला तरी खोल दोर बोट वाकवू शकतो. सोडवलेला दोर उभा चिरून त्याच्या पट्ट्या बोटांच्या बाजूंना, पांगळ्या स्नायूंच्या जागी नेऊन शिवायच्या. बैल तोच, जुंपला नव्या कामाला. रुग्णाला मात्र शिकावे लागते: पूर्वी अनामिका वाकवण्यासाठी करत होता तोच प्रयत्न आता करायचा, की सगळी बोटे मुळाशी वाकतील. सरावाने मेंदू हे शिकतो.

महाराष्ट्रात हे काम डॉ. नोशीर अंतिया यांनी पुण्याच्या कोंढवा कुष्ठरुग्णालयात व पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केले. ज्यांना कोणी हातात हात देत नव्हते, त्यांच्या हातांत पुन्हा पेला आला, हत्यार आले, रोजगार आला. ब्रँड यांनी १९८५ मध्ये हाताच्या यांत्रिकीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी शल्यविशारदांना आवर्जून रेडियन शिकवला आहे. सांधा एक रेडियन वाकला की दोर जितका सरकेल, तितकीच त्याची बलभुजा! वर्गात ‘अंशांचे चांगले चालले होते, रेडियन कशाला?’ असे विचारणाऱ्यांना मी हे उत्तर देतो.

आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेला बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतो. बधिर चट्टा वेळीच दाखवला तर पंजाची वेळच येत नाही.

वहीच्या मागच्या पानावर

पुढील चार गोष्टी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्या आणि हंगाम सुरू होण्याआधी घरी व शेजारी वाचून दाखवा.

१. हाताला आतल्या बाजूने कापले तर जखम कितीही लहान असो, प्रत्येक बोटाचे टोक वाकते का आणि बधिर आहे का, हे पाहा.

२. टोक वाकत नसेल, बधिर असेल किंवा सैल हातात एखादे बोट ओळीतून वेगळे पडलेले दिसत असेल, तर जखमेवर स्वच्छ फडके दाबून, हात उंच धरून त्याच दिवशी रुग्णालयात जा. धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवण करा.

३. मोडलेला हात बांधल्यावर दुखणे वाढत असेल, बोटे सरळ करताना कळ येत असेल, तर पट्टी सोडा आणि लगेच निघा. येथे हिशेब तासांचा आहे.

४. कातडीवर बधिर चट्टा असेल तर तो लपवू नका, दाखवा.

मुठीचे बळ कोपरापाशी असते आणि ते दोरांनी बोटांपर्यंत येते, एवढे ज्याला कळले त्याला या चारही गोष्टी पाठ कराव्या लागणार नाहीत.